मॉरिशस : एक बेट, अनेक माणसे

मंडळी, खिशात एखादी नोट असेल तर बाहेर काढा. तिची मागची बाजू बघा. तिथे बारीक अक्षरांत एकाखाली एक ओळी आहेत. त्या मोजा. पंधरा भरतील. या आपल्या देशातल्या निरनिराळ्या भाषा. आता तुम्हांला वाचता येते. यांतली मराठीची ओळ शोधा. वरून आठवी सापडेल.

आठवी का? मराठी मागे पडली म्हणून नव्हे. भाषांची नावे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली आहेत. आसामी पहिली आली, उर्दू शेवटची. त्यात कोणाचा मान नाही, कोणाचा अपमान नाही.

नोटेवरून तंटा

आता दुसऱ्या एका देशाच्या नोटेची हकीकत ऐका. त्या देशाचे नाव मॉरिशस. तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणतात. जुन्या नोटांवर इंग्रजी, तिच्याखाली तमिळ आणि तिच्याखाली नागरी अक्षरे असत. १९९८ साली नव्या नोटा निघाल्या. त्यांवर नागरी ओळ वर गेली आणि तमिळ ओळ खाली आली. एवढेच झाले. पण तमिळ लोक खवळले. "आमचे वाडवडील या बेटावर आधी आले. मग आमची ओळ खाली का?" असा त्यांचा सवाल होता. शेवटी बँकेला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. जुन्या क्रमाने पुन्हा नोटा छापाव्या लागल्या.

तुम्ही म्हणाल, एका ओळीसाठी केवढा हा गोंधळ! पण ती ओळ त्यांना एवढी मोलाची का वाटली, ते समजून घेतले पाहिजे.

रिकामे बेट

मॉरिशस हे हिंदी महासागरातले लहानसे बेट आहे. मादागास्कर बेटाच्याही पूर्वेला. आपल्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षा ते लहान. लोकवस्ती सुमारे साडेबारा लाख. मुळात तिथे माणसाची वस्तीच नव्हती. त्यामुळे "आम्हीच इथले मूळचे" असे तिथे कोणालाच म्हणता येत नाही.

आधी डच लोक आले. मग फ्रेंच आले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. गोऱ्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून माणसे धरून आणली आणि त्यांना गुलाम केले. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. ती बंद होणार असे दिसताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. १८३४ पासून पुढे ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसे गेली. कोणी बिहारकडची, कोणी तमिळ, कोणी तेलुगू. मुंबई बंदरातून आपली मराठी माणसेही गेली. त्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ होती. गुजराती व्यापारी आले, चिनी दुकानदार आले.

पोर्ट लुई बंदरात अजून सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. मजूर तिथे उतरत. तिथे त्यांना नंबर मिळे. कारकून त्यांची नावे कानाला ऐकू येतील तशी लिही. बहुतेकांना वाचता येत नव्हते. आपले नाव मोडले, हे त्यांना कळलेसुद्धा नाही.

गाव सुटले. नाव मोडले. मग जवळ उरले काय? भाषा, देव, गाणी, जेवणाची रीत. म्हणून लोकांनी ती जिवापाड जपली. नोटेवरची ओळ म्हणजे त्यांना वाडवडिलांची खूण वाटली, ती यामुळे.

आपापले आणि सगळ्यांचे

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. मराठी लोक गणपती बसवतात आणि वाजतगाजत पाण्यात सोडतात. ईद, नाताळ, दिवाळी, महाशिवरात्र, तमिळांची कावडी, तेलुगूंचा उगादी, चिन्यांचा नववर्षाचा सण, यांनाही सुटी. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुटी. २ नोव्हेंबरला करारी मजूर आल्याची सुटी. ज्यांची आठवण दुःखाची, त्यांचाही दिवस देश पाळतो.

शाळेत मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, चिनी अशा भाषा शिकण्याची सोय आहे. पण घरी आणि बाजारात बहुतेक सगळे क्रेओल बोलतात. ही भाषा गुलामांच्या तोंडून तयार झाली. तिच्यातले बहुतेक शब्द फ्रेंच भाषेतले. आज मराठी गिऱ्हाईक आणि चिनी दुकानदार एकमेकांशी याच भाषेत बोलतात. तशीच दालपुरी. ती नेली बिहारकडच्या मजुरांनी. आता रस्त्यावरच्या गाडीपाशी उभे राहून ती सगळेच खातात.

पण सणांनी पोट भरत नाही

एवढे वाचून वाटेल, तिथे सगळे गोडच असेल. तसे नाही. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याआधी दोनच महिने पोर्ट लुईत क्रेओल आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली. माणसे मेली. शेजारी शेजारी राहणारी कुटुंबे मोहल्ले सोडून निघून गेली.

फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा लोकांचा आवडता क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला. पुन्हा दंगल पेटली. राग नुसत्या त्या मृत्यूचा नव्हता. देशात पैसा आला, पण तो आमच्या वस्तीत आला नाही, असे क्रेओल गरिबांना वाटत होते. तेव्हा राष्ट्राध्यक्ष कासम उतीम आणि ख्रिस्ती धर्मगुरू मार्जेओ यांनी गावोगाव फिरून लोकांना शांत केले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती.

लहान समाजांना राज्यात वाटा मिळावा म्हणून तिथल्या घटनेत एक सोय केली होती. निवडून आलेल्या ६२ जणांखेरीज ८ जागा राखल्या. त्यासाठी लोकांचे चार गट केले : हिंदू, मुसलमान, चिनी आणि बाकीचे. उमेदवाराने आपला गट लिहून द्यायचा. यामुळे लहान समाजांना धीर आला, हे खरे. पण काही जण म्हणाले, "आम्ही मॉरिशसचे. दुसरे काही लिहिणार नाही." शिवाय आई एका गटाची आणि बाप दुसऱ्या गटाचा असेल, तर मुलाने काय लिहावे? गटांची शिरगणती तर १९७२ नंतर झालीच नव्हती. ती न करता अशी सक्ती करणे बरोबर नाही, असे मत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ साली दिले.

यातून काय घ्यायचे?

आपली भाषा, आपला देव, आपली रीत जपणे यात वाईट काही नाही. "मी कोण" या प्रश्नाने भांडण होत नाही. "मी पुढे, तू मागे" म्हटले की भांडण होते. सण एकत्र केले तरी काम, न्याय आणि मान यांचा वाटा सारखा नसेल, तर ती एकी फार दिवस टिकत नाही.

आपल्याकडेही ऊसतोडीला लांबून माणसे येतात. त्यांची बोली निराळी, देव निराळे. त्यांची मुले आपल्या शाळेच्या दाराशी उभी राहतात. आता तुम्हांला लिहिता येते. कोणाचे नाव लिहायची वेळ आली तर त्यालाच विचारा. तो सांगेल तसेच लिहा. आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवा.

प्रश्न

१. नोटेवरची ओळ खाली गेली म्हणून तमिळ लोकांना राग का आला?
२. क्रेओल भाषा कशी तयार झाली?
३. राखीव जागांमुळे फायदा कोणता झाला? अडचण कोणती आली?
४. तुमच्या गावात किती बोली बोलल्या जातात? वर्गात सगळ्यांनी मिळून यादी करा. यादी कोणत्या क्रमाने लावाल? का?