‘म्हणाले’ला घाबरू नकोस

एका बातमीत ‘म्हणाले’ चार वेळा आले तर येऊ दे, पोरी. तोच शब्द परत नको, हे शाळेत निबंधासाठी शिकवतात आणि निबंधापुरते ते ठीक आहे. बातमीत मात्र ‘सांगितले’, ‘स्पष्ट केले’, ‘नमूद केले’, ‘प्रतिपादन केले’ असे आलटून पालटून घालत गेलीस, तर नकळत निकाल देऊन बसशील. कोण खरे बोलतो, कोण वरचढ, कोण चुकला, हे वाचक त्या क्रियापदावरूनच ठरवतो.

आधी घरचे तिघे नीट ओळख. ‘बोलणे’ म्हणजे तोंड उघडणे. काय बोलले ते नंतर. मूल बोलायला लागते, कोणी फोनवर बोलत असते, कोणी मालवणी बोलते. ‘सांगणे’ला समोर ऐकणारा लागतो, कारण आपल्याकडचे काहीतरी त्याच्याकडे पोचवायचे असते: गोष्ट, पत्ता, भाजीचा भाव, निरोप. ‘म्हणणे’ शब्दांना धरून चालते. आरती म्हणतात, पाढे म्हणतात, कारण तिथे शब्द ठरलेले असतात. ‘येतो’ असे तो म्हणाला, तर ‘येतो’ हा त्याच्या तोंडचा शब्द झाला. कोंकणीतही उलोवप, सांगप आणि म्हणप हे तिघे वेगळेच राहतात.

प्रत्ययांत घोळ करू नकोस. त्याच्याशी बोलतात, त्याला सांगतात. ‘ती मला बोलली’ असे छापलेस, तर पुष्कळ वाचकांना ती रागावली, बोलणी बसली, असेच वाटेल. मुंबईच्या बोलण्यात ‘तो मला बोलला’ म्हणजे नुसते ‘म्हणाला’. ती बोली खोटी नाही. कोणाचे वाक्य अवतरणात देशील तेव्हा तिला हात लावू नकोस. आपल्या वाक्यात मात्र ‘म्हणाला’च लिही. ‘त्या म्हणाल्या’, पण ‘त्यांनी सांगितले’. ‘त्यांनी म्हणाले’ ही चूक हल्ली वाहिन्यांच्या पट्ट्यांवर सर्रास दिसते, ती पानावर येऊ देऊ नकोस. कागदाला तोंड नसते, म्हणून निवेदनात, पत्रकात, अहवालात ‘म्हटले आहे’.

आता खरी मेख ऐक. ‘रस्त्याचे काम पूर्ण झाल्याचे अभियंत्यांनी सांगितले’ असे वाचले की रस्ता झालाच, असे वाटते. ‘रस्त्याचे काम पूर्ण झाले, असे अभियंते म्हणाले’ यात खरेपणाचा भार अभियंत्यांवर राहतो. ‘झाल्याचे’ हा शब्द गोष्ट आधीच खरी धरून चालतो. तू स्वतः रस्ता पाहिला असशील तर पहिले वाक्य खुशाल लिही. नसशील तर दुसरे.

‘माहिती दिली’, ‘स्पष्ट केले’, ‘निदर्शनास आणून दिले’ ही मंडळी तर सरळ बोलणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतात. ‘दावा केला’ म्हटले की त्याच्याविषयी शंका उभी राहते. पाण्याच्या तक्रारीची बातमी काढून बघ: अधिकारी नेहमी ‘स्पष्ट करतात’ आणि वस्तीतल्या बाया ‘दावा करतात’. दोघांनीही तोंडानेच सांगितलेले असते, कागद कोणीच दाखवलेला नसतो. दोन्हीकडे ‘म्हणाले’, ‘म्हणाल्या’ ठेव. या एका गोष्टीसाठी वरिष्ठांशी वाद घालावा लागला तरी घाल.

‘प्रतिपादन’ हा आपल्या पानांवरचा सगळ्यात दमलेला शब्द. ‘असे प्रतिपादन अमुक यांनी केले. तमुक येथे ते बोलत होते.’ प्रतिपादन म्हणजे कारणे देऊन, मुद्दा बांधून मांडणे. लवकरच निधी मिळेल, एवढेच कोणी व्यासपीठावरून म्हणाले असेल तर ते आश्वासन आहे, आणि तसेच लिहावे. ‘खुलासा’ही जप. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. अधिकाऱ्याकडून खुलासा मागवतात तो हा. गौप्यस्फोटाच्या अर्थाचा ‘धक्कादायक खुलासा’ हिंदीतून आला आहे आणि त्याने आपल्या शब्दाची धार बोथट केली.

गुन्ह्याच्या बातमीत हात आणखी जपून चालव. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे ठाण्यातून आलेल्या टिपणात असते आणि आपण जसेच्या तसे उचलतो. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये हे होते, 2024च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम 23 मध्ये ते आहे. न्यायालय जे मानत नाही ते आपण ठळक अक्षरांत छापतो, आणि माणूस पुढे निर्दोष सुटला तरी गावात ती ‘कबुली’ त्याला चिकटून राहते. ‘त्याने कबुली दिली, असे पोलिसांचे म्हणणे आहे’ एवढे लिही. हे ‘म्हणणे’ कोर्टातही याच अर्थाने चालते. अर्जावर विरुद्ध पक्ष आपले म्हणणे दाखल करतो, म्हणजे आपली बाजू ठेवतो. खरे-खोटे पुढे पुराव्याने ठरते.

‘खडसावले’, ‘सुनावले’, ‘ठणकावले’ हे शब्द मुळीच वापरू नकोस असे नाही. तिथे तू असशील, आवाज चढलेला ऐकला असशील, तर जरूर लिही. मथळ्यात जोर यावा म्हणून मात्र नको. रोज कोणी ना कोणी कोणाला खडसावू लागले, की खरोखर खडसावले त्या दिवशी तुझ्याकडे शब्द उरणार नाही. ‘म्हणे’ ओट्यावरच्या गप्पांत गोड लागते: ‘धरण भरले म्हणे.’ ऐकीव आहे हे त्यात प्रामाणिकपणे सांगितलेले असते. बातमीत ऐकीव गोष्ट घ्यायचीच नाही, तेव्हा तिथे त्याचे काम नाही. ‘असे बोलले जाते’ हा त्याचाच इस्त्री केलेला अवतार. तो दिसला की बातमीदाराला विचार, कोण बोलते?

शेवटचे, जागेचे. आपल्या भाषेत ‘असे ते म्हणाले’ वाक्याच्या टोकाला येते. चार ओळींचे लांब वाक्य असले तर वाचक तोवर ते सगळे वर्तमानपत्राचेच मत समजून वाचतो. वाक्य लांबते आहे असे दिसले की नाव वर घे: ‘सरपंच म्हणाल्या’, आणि मग त्यांचे बोलणे.