मूळ कागद आपल्याच घरी

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मुली जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झाल्या की पहिली नोकरी बहुधा नागपुरात शोधतात. साठेक किलोमीटरचं अंतर, एसटीची सोय आणि खासगी रुग्णालयं भरपूर. मीही तशीच गेले. नोकरी लगेच लागली. अडचण आली ती सोडताना.

रुजू व्हायच्या दिवशी ऑफिसातल्या बाबूने आम्हा नव्या मुलींच्या फायली जमा करून घेतल्या. दहावीच्या मार्कशीटपासून महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीपर्यंत सगळं ओरिजिनल. "वर्षभर इथेच राहील, सगळ्यांचंच ठेवतो," म्हणाला. वर बॉण्ड. पोच कुणालाच नाही.

पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निवड यादीत माझं नाव लागलं. कंत्राटी का होईना, आपल्या जिल्ह्यातली जागा. पडताळणीला मूळ कागद आणा, असं पत्रात स्पष्ट होतं. मी लेखी अर्ज दिला, मेट्रन मॅडमनी शब्द टाकला, पण ऑफिसचं एकच उत्तर : साहेब बाहेरगावी आहेत. पडताळणीच्या टेबलावर माझ्या हातात नुसत्या झेरॉक्स. समोरच्या मॅडम भल्या होत्या. "संध्याकाळपर्यंत थांबते, आणव कुणाकडून तरी," म्हणाल्या. कागद आले नाहीत. जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला गेली. तिचा काय दोष, तिलाही नोकरी हवीच होती. माझे कागद सुटले ते महिन्याच्या पगारावर पाणी सोडल्यावर.

म्हणून पोरींनो, मूळ प्रमाणपत्रं दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या. ठेवायला झेरॉक्स द्या, सही करून. फारच अडून बसले तर रुग्णालयाच्या लेटरहेडवर कागदांची यादी, परतीची तारीख आणि शिक्का मागा. एवढं मागितलं की आग्रह सुटतो, हे मी नंतर दुसऱ्या ठिकाणी पाहिलं. बॉण्ड घरी आणून वाचल्याशिवाय सही नको. निकाल लागला की परिषदेच्या नोंदणीचा अर्ज आधी करा. नोंदणी नसली की 'ट्रेनी' म्हणून वॉर्डात उभं करतात आणि पगारही ट्रेनीचाच देतात.

पगाराचं विचारताना संकोच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनाबद्दल शिफारशी केल्या. 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकं वेतन, आणि 50 पेक्षा कमी असल्या तरी किमान 20 हजार रुपये. हातात एवढे पडत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी आकडा माहीत असलेली मुलगी वेगळ्या आवाजात बोलते.

पगाराहून मोठी गोष्ट मात्र नाईटची आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. 10 बाळं गेली, 7 वाचली. त्या आयांची आठवण आली की अजून पोटात कालवतं. नंतर कारवाई झाली त्यात कंत्राटी परिचारिकाही होत्या. नव्या मुलीने त्यातून एवढं घ्यावं, की रात्री वॉर्डात काय चाललंय त्याचा जाब तिलाही विचारला जातो. रुजू होण्याआधी विचारा : रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट? सोबत कुणी सिनियर असते का? अग्निशामक सिलिंडर कुठे आहे, चालवायला कोण शिकवणार, दुसरं दार रात्री उघडं असतं की कुलूपबंद? यंत्रातून जळका वास आला, वायर तापली, की तोंडी सांगून थांबू नका. ओव्हरच्या रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरची सही घ्या.

ही उत्तरं इंटरव्ह्यूच्या खोलीत गोड मिळतात. सकाळी पाळी सुटायच्या वेळी फाटकापाशी थांबा आणि नाईट करून निघालेल्या एखाद्या सिस्टरला विचारा. थकलेली असली तरी ती खरं सांगते.