तरास, परड आणि घोणस

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत मूल शाळेत येते ते घरची भाषा घेऊनच. गोंडी भाषेत सापाला 'तरास' म्हणतात. मराठी बोलीत मात्र 'तरास' म्हणजे त्रास. भेदरलेले मूल 'तरास' म्हणाले आणि शिक्षकांस ती किरकोळ तक्रार वाटली, तर उपचाराचा मोलाचा वेळ व्यर्थ जाईल.

मराठी नावांतही भेद आहेत. पुस्तकातील 'घोणस' विदर्भात 'परड' या नावाने ओळखली जाते. ही रीत जगभरची आहे. ब्रिटनमधील ज्या विषारी सापास इंग्रजीत 'ॲडर' म्हणतात, तोच वेल्श भाषेत 'ग्वीबर' होय. म्हणून पाठ देताना शिक्षकांनी प्रथम मुलांकडून घरची नावे काढून घ्यावीत, ती फळ्यावर लिहावीत व शेजारी पुस्तकातील नाव मांडावे.

नावासोबत ओळखही द्यावी. घोणशीचे डोके त्रिकोणी असते. तपकिरी अंगावर काळसर कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डिवचल्यास ती मोठा फूत्कार करते. ती अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. ही पिल्लेही विषारी असतात. अजगराचे पिल्लू समजून त्यांना हात लावणे प्राणघातक ठरू शकते. धानाच्या बांधीत व पालापाचोळ्यात पाय टाकण्यापूर्वी पाहावे, ही सवय मुलांस लावावी.

घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मूत्रपिंडांस अपाय होतो. दंश झाल्यास रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये आणि दंश झालेला अवयव हलू देऊ नये. दोरी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे किंवा मांत्रिकाकडे नेणे ही सर्व कृत्ये घातक आहेत. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर भारतात एकच प्रतिविष वापरतात. यास्तव साप मारून वा पकडून नेण्यात वेळ दवडू नये.

नाव शिकविण्याचा हेतू पाठांतर नव्हे. मुलाने संकट ओळखावे, ते कोणत्याही भाषेत सांगावे आणि शिक्षकांस ते कळावे, एवढे साधले म्हणजे पाठ सफल झाला.

स्वाध्याय : आपल्या गावी आढळणाऱ्या पाच सापांची घरच्या भाषेतील व पुस्तकातील नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.