दिव्यांग बालकाची शाळा : गाव सोडावे की नाही?

मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा विचार प्रत्येक घरात सुरू होतो. बहुतेक घरांत तो फार दिवस चालत नाही. शेजारची मुले जातात ती शाळा किंवा थोरल्या भावंडाची शाळा ठरते आणि विषय मिटतो. परंतु ज्या घरातील मूल कर्णबधिर आहे, अंध आहे, मेंदूच्या पक्षाघातामुळे चालू शकत नाही अथवा ज्याची बौद्धिक वाढ मंद आहे, त्या घरात हाच प्रश्न निराळे रूप घेतो. शाळा कोणती, यापेक्षा राहावयाचे कोठे, असा तो प्रश्न होतो. गावातील दुकान बंद करून, शेत वाट्याने लावून किंवा नोकरीत बदली मागून अशा मुलासाठी पुण्या-मुंबईकडे, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी बिऱ्हाड हलविणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. त्यांपैकी काहींचा निर्णय योग्य असतो. काहींना मात्र तो घेण्याची गरजच नसते. आपल्या गावात मुलाला काय मिळू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

अमेरिकेत हा प्रश्न उघडपणे विचारला जातो. तेथील सार्वजनिक शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे शालेय प्रभागांमध्ये विभागलेल्या आहेत आणि त्यांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता-करातून येतो. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला मोफत व त्याच्या गरजेस अनुरूप शिक्षण देणे तेथे बंधनकारक झाले. तथापि लगतच्या दोन प्रभागांत सोयींचा फरक राहतोच. म्हणून पालक तेथे घर घेण्यापूर्वी प्रभागाची चौकशी करतात. आपल्याकडील व्यवस्था तशी नाही. शाळांचा खर्च मुख्यतः राज्य व केंद्र शासनाच्या निधीतून होतो आणि कायदा गडचिरोलीच्या मुलाला व ठाण्याच्या मुलाला एकच हक्क देतो. फरक पडतो तो विशेष शिक्षकांची उपलब्धता, उपचारांची सोय आणि अंतर यांमुळे.

अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची केंद्र शासनाची एकात्म शिक्षण योजना १९७४ मध्ये सुरू झाली. १९९५ च्या अधिनियमाने अशा मुलांच्या अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. पुढे बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश त्यातील वंचित गटात झाला. पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या ३१ व्या कलमानुसार ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या निवडीप्रमाणे, मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे.

‘स्वतःच्या निवडीप्रमाणे’ हे शब्द पालकांनी नीट ध्यानात ठेवावेत. “आमच्याकडे सोय नाही, याला विशेष शाळेत न्या,” असे सांगून मुख्याध्यापकांना बालकास परत पाठविता येत नाही. उलटपक्षी, सर्व मुले एकाच शाळेत शिकली पाहिजेत या तत्त्वाचा हवाला देऊन कोणी पालकास विशेष शाळेपासून परावृत्त करणेही बरोबर नाही. शासनाने चालविलेल्या, अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम करावी, अंध वा कर्णबधिर विद्यार्थ्यास त्याला योग्य अशा भाषेतून व माध्यमातून शिक्षण मिळेल असे पाहावे आणि वाहतुकीची सोय करावी, असे याच अधिनियमाचे १६ वे कलम सांगते. सारे प्रत्यक्षात सगळीकडे झालेले नाही, हे कोणीही मान्य करील. पण मागावयाचे काय, हे ठाऊक असणे ही पहिली पायरी होय.

आता गावात काय मिळते ते पाहू. समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक जोडलेले असतात. ते ठरावीक दिवशी निरनिराळ्या शाळांना भेटी देतात, वर्गशिक्षकास मार्गदर्शन करतात आणि बालकासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करतात. ब्रेल वा ठळक अक्षरांतील पुस्तके, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, मदतनीस भत्ता, मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता अशा तरतुदी या योजनेत आहेत. शाळेत येणे ज्यांना शक्यच नाही, अशा तीव्र वा बहुविध दिव्यांगत्वाच्या बालकांना घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही कायद्याने ठेवला आहे; परंतु तो पालकांच्या निवडीचा आहे, शाळेच्या सोयीचा नव्हे. म्हणून बिऱ्हाड हलविण्याचा विचार करण्यापूर्वी पालकांनी गटसाधन केंद्रात एकदा अवश्य जावे आणि विशेष शिक्षक आपल्या शाळेत महिन्यातून किती वेळा येतात, हे विचारावे. या एका उत्तरावरून पुष्कळसा अंदाज येतो.

विशेष शाळांची कहाणी निराळी आहे. त्या बहुतांशी स्वयंसेवी संस्थांनी काढल्या आणि शासनाने त्यांना अनुदान दिले. मुंबईत दादरची अंधशाळा १९०० मधील. पुण्यात ‘कामायनी’ १९६४ पासून मतिमंद मुलांसाठी काम करीत आली. समाजसेवेची ही परंपरा मोठ्या शहरांत रुजल्याने जुन्या, अनुभवी शाळाही तेथेच एकवटल्या. राज्यात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला असून आयुक्तालय पुणे येथे आहे. अनेक अनुदानित विशेष शाळा निवासी असून तेथे राहण्या-जेवणाचा खर्च पालकांवर पडत नाही. जिल्ह्यातील मान्यताप्राप्त विशेष शाळांची माहिती जिल्ह्याच्या ठिकाणी दिव्यांग कल्याणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात मिळू शकते. (कित्येक शाळांच्या पाट्यांवर ‘मूकबधिर’ हा शब्द अद्याप आढळतो. वस्तुतः बहुतेक बधिर मुले मुकी नसतात. ऐकू न आल्याने ती बोलण्यास शिकलेली नसतात.)

या शेवटच्या वाक्यातच आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. दिव्यांगत्वाच्या सर्व प्रकारांना एकच न्याय लावता येत नाही आणि गाव सोडण्याचे सबळ कारण असेल तर ते कर्णबधिर बालकाच्या बाबतीत असते, असे आमचे मत आहे. भाषा ही ऐकून येते. अथवा डोळ्यांनी, खुणांच्या भाषेतून येते. पहिल्या काही वर्षांत यांपैकी कोणताच मार्ग खुला झाला नाही, तर मुलाजवळ नुसते शब्दच नव्हे, तर विचार मांडण्याचे साधनच राहत नाही. सर्वसाधारण वर्गात असे मूल मागच्या बाकावर शांत बसते, फळ्यावरचे सुंदर अक्षरात उतरवून घेते आणि चौथीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही की, त्याला त्यातले काही समजलेले नाही. कमी श्रवणदोष असलेले किंवा लवकर श्रवणयंत्र मिळालेले मूल गावच्या शाळेत शिकू शकते. कानात कॉक्लिअर रोपण केले असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ नियमित वाचा-उपचार घ्यावे लागतात आणि यंत्राचे समायोजनही वेळोवेळी करून घ्यावे लागते. ही सोय दोन-तीन तासांच्या अंतरावर असेल, तर कुटुंबाने काही वर्षांपुरते शहराजवळ राहणे शहाणपणाचे ठरते. ज्या मुलाला यंत्राचा उपयोग होत नाही, त्याला खुणांची भाषा बोलणाऱ्या मुलांची व शिक्षकांची सोबत मिळाली पाहिजे, आणि ती एकट्या गावात मिळत नाही. तेथे विशेष शाळाच योग्य. मात्र मूल वसतिगृहात ठेवले तर आईवडिलांनीही खुणा शिकल्या पाहिजेत. नाही तर दिवाळीच्या सुटीत ते घरी येते आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे बसून राहते.

अंध बालकाचे तसे नाही. ब्रेल लिपी, पांढऱ्या काठीच्या साहाय्याने वावरणे, स्वतःचे काम स्वतः करणे, एवढे पायाभूत शिक्षण अंधशाळेत काही वर्षे घेऊन पुढे माध्यमिक शाळेत डोळस मुलांबरोबर शिकणे त्याला जमते. अंशतः दिसणाऱ्या मुलास तर अंध समजून ब्रेलकडे वळविण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी तपासून घ्यावी. पुढचा बाक, पुरेसा उजेड व मोठी अक्षरे एवढ्याने त्याचे काम भागू शकते. हातापायांचे अपंगत्व असलेल्या, पण बुद्धीने तल्लख असलेल्या मुलाची अडचण प्रायः पायऱ्यांची आणि स्वच्छतागृहाची असते. त्याकरिता गाव सोडण्याऐवजी शाळेत उतार बांधून घ्यावा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाबाबत पालकांची सर्वाधिक ओढाताण होते. शहरातील चांगली विशेष शाळा स्वावलंबन शिकविते, पुढे हस्तव्यवसायाचेही प्रशिक्षण देते. याचे मोल कमी नाही. तथापि असे मूल जे शिकते ते एका जागेवरून दुसऱ्या जागी सहज नेऊ शकत नाही. दूरच्या वसतिगृहात पैसे मोजण्यास शिकलेला मुलगा गावच्या किराणा दुकानात गोंधळतो. त्याला आयुष्य जेथे काढावयाचे आहे, तेथील दुकानदार, एस.टी.चा वाहक, शेजारीपाजारी यांनी त्याला ओळखणे, हेही शिक्षणच आहे. म्हणून घरून जाता-येता येईल अशी शाळा, मग ती थोडी साधी असली तरी, दूरच्या नामांकित शाळेपेक्षा पसंत करावी, असे वाटते. प्रवासाचा खर्च हा अडथळा असल्यास, दिव्यांगांना एस.टी.च्या साध्या गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, हे लक्षात असू द्यावे.

कोणतीही शाळा नक्की करण्यापूर्वी ती चालू असताना पाहावी. कार्यालयात बसून नव्हे, तर वर्गात आणि मधल्या सुटीत. मुले काय करीत आहेत? की नुसती बसवून ठेवली आहेत? शिक्षक मुलाशी बोलतात, की मुलाच्या देखत फक्त पालकांशी? स्वच्छतागृहात नेण्याचे काम कोणाकडे आहे? येथून गेलेली मुले आज काय करतात? निवासी शाळा असेल तर रात्री मुलांजवळ कोण असते, हे विचारण्यास संकोच करू नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत. ज्या शाळेस अशा प्रश्नांचा राग येतो, तिच्याविषयी अधिक काही विचारण्याची गरज उरत नाही.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र हाती असल्यास प्रवेश व सवलती सुलभ होतात. ते शाळा सुरू होण्याची वाट न पाहता काढून घ्यावे. खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठीही दिव्यांग बालके वंचित घटकातून पात्र असून, या घटकास उत्पन्नाची अट नाही. केंद्र शासनाच्या सेवेतील ज्या कर्मचाऱ्यावर दिव्यांग अपत्याच्या संगोपनाची जबाबदारी आहे, त्याला नियमित बदल्यांतून सूट देण्याचे आदेश २०१४ मध्ये निघाले आहेत.

आणि स्थलांतर करावयाचे ठरलेच, तर जून महिन्यापर्यंत थांबण्याचे कारण नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या बालकास वर्षाच्या मध्येही दुसऱ्या शासकीय वा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नवीन शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या गावाहून निघताना वैयक्तिक शिक्षण आराखड्याची प्रत, श्रवण वा दृष्टितपासणीचे कागद आणि विशेष शिक्षकांनी ठेवलेल्या नोंदी मात्र मागून घ्याव्यात. त्या नसल्या तर नव्या शिक्षकांना मुलाची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते आणि त्यात अर्धे वर्ष जाते.