एका खोलीचा संसार

परगावी पोट भरावयास गेलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. मजुरी ठरलेली असते. तीतून भाड्यापोटी जितके जाईल, तितके घरी पाठवावयास कमी उरते. वसमतहून नांदेडला शिकावयास जाणारा विद्यार्थीही आज हाच हिशोब करतो आणि दोघातिघांत मिळून एक खोली घेतो. मुंबईच्या गिरणगावात एके काळी लाखो माणसे असाच हिशोब करून राहत होती.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि कोकणातून व घाटावरून माणसे कामास येऊ लागली. बहुतेक जण बायकामुलांना गावी ठेवून एकटेच येत. एकाच गावचे कितीतरी जण मिळून चाळीत एक खोली घेत, त्यामुळे भाड्याचा वाटा एकेकास झेपण्याजोगा होई. इतकी माणसे एका खोलीत मावत तरी कशी? गिरण्या पाळीने चालत. दिवसपाळीचा कामगार बाहेर पडला, की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर पाठ टेकी. एक पेटी आणि एक वळकटी, एवढेच प्रत्येकाचे सामान. खोली अपुरी पडली की व्हरांडा, जिना, नाही तर रस्त्याची कड होतीच.

कुटुंबे राहत त्या खोल्यांतही जागेची पाळी लावावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत राहत असे. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासास उठवून त्याच्या जागी आपण निजत. अशा खोलीतून ते १९०७ साली मॅट्रिक झाले.

एकट्या कामगारांच्या जेवणाची सोय खाणावळीत होई. चाळीतीलच एखादी बाई कामगारांना दोन वेळा रांधून वाढी. तिला पैसे मिळत ते पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या माथी. कामगाराचे जेवण स्वस्त होते खरे, परंतु त्या स्वस्ताईचा भार ती बाई वाहत असे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी आली. प्रेमाताई पुरव यांच्या ती आली. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा मार्ग मोकळा केला.

सरकारनेही १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. त्यांना बी.डी.डी. चाळी म्हणतात. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने शहरातील जुन्या घरांची भाडी साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरू निर्धास्त झाला. पण मिळकतीतून डागडुजीचाही खर्च निघेना, म्हणून मालकांनी घराकडे पाठ फिरविली. तुळया कुजल्या, भिंती खचल्या. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी अखेर १९६९ साली निराळे मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला.

त्या अल्प भाड्याची खरी किंमत कळली ती संपात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी जाहीर केलेच नाही. गिरण्या मात्र पुढे एकामागून एक बंद पडल्या. पगार थांबला, भांडी गहाण पडली, पुष्कळ जण गावी परतले. जे टिकले त्यांना आधार होता तो त्या खोलीचा. भाडे थोडके असल्याने पडेल ते काम करूनही ते भरता येई. हेच भाडे बाजारभावाने असते, तर नोकरीपाठोपाठ छप्परही गेले असते.

गिरण्यांच्या जागी आता उंच मनोरे आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची स्वतःच्या मालकीची घरे मिळाली. खोलीच्या तिप्पट जागा झाली, संडास घरात आला आणि भाडे उरले नाही. उंच इमारतीला लिफ्ट, पाण्याचे पंप आणि राखणदार लागतात. त्यांचा खर्च आज ना उद्या घरच्या हिशोबात मांडावा लागतोच.