वहीतले चार रुपये पस्तीस पैसे

"पैशा-दोन पैशांनी कुणाचं काय बिघडतंय?" टीम लीडचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आम्ही कोटलिनमध्ये अ‍ॅप करत होतो. रक्कम डबलमध्ये ठेवू नका, हे मी पहिल्याच आठवड्यात लेखी कळवलं होतं. ते उडवून लावलं. पुढे हिशेब फसला तेव्हा मॅनेजरसमोर त्यांनी बोट दाखवलं माझ्याकडे, कारण कमिशनचा क्लास माझ्या नावावर होता.

चूक सापडली ती एका एजंटताईंच्या वहीमुळे. त्या रोज रात्री खातेवार कमिशन हाताने मांडायच्या. महिनाभर त्यांना संस्थेत ऐकवलं जात होतं, "ताई, कॉम्प्युटर चुकत नाही, तुमचीच बेरीज चुकतेय." वही उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. भरणा १४५, तीन टक्के, ४.३५. अ‍ॅपमध्ये ४.३४. मी तिथंच लॅपटॉप काढला. पैसे करण्यासाठी ४.३५ ला १०० ने गुणलं होतं, आणि पडद्यावर आलं ४३४.९९९९९९९९९९९९९४. पुढे टू-लाँग. ते राउंड करत नाही, अपूर्णांक छाटून टाकतं. उरले ४३४ पैसे. ताईंची वही बरोबर होती. त्यांच्याकडे वर बघायची मला हिंमत होईना.

डबल दोनाच्या पायावर चालतो, त्यात ४.३५ नेमका बसतच नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा, आणि लाँगमध्येच. इंटची मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर संपते. संस्थेची एकूण ठेव त्यापुढे सहज जाते. टक्केवारी, व्याज यांसाठी बिगडेसिमल वापरा, पण तो स्ट्रिंगवरून बनवा. डबल हातात दिलात तर त्याची चूक जशीच्या तशी आत येते. तुलना कम्पेअर-टूने करा, कारण इक्वल्सच्या लेखी २.५ आणि २.५० वेगळे. जावाच्या डिव्हाइडला राउंडिंग सांगितलं नाही, तर एक भागिले तीनला अ‍ॅप बंद पडतं. एसक्यूलाइटमध्ये कॉलमला डेसिमल नाव दिलं तरी अपूर्णांक आत फ्लोटिंगच साठतो, हे न कळल्याने आमचा एक आठवडा गेला.

राउंडिंग प्रत्येक नोंदीवर की महिन्याच्या बेरजेवर, हे संस्थेच्या हिशेबनिसांकडून लिहून घ्या. टेस्टिंग नीट करा. आणि आपला आक्षेप ईमेलवरच नोंदवा, तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. माझा ईमेल होता म्हणून मी वाचलो.

सगळ्या एजंटांचा फरक काढून संस्थेने तो पुढच्या महिन्यात त्यांच्या खात्यांत जमा केला. ताईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. लीडनी त्यांना किंवा मला अजून एक शब्दही विचारलेला नाही.