समुद्रातला हिमवर्षाव आणि आपल्या रानातली माती



गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही सहस्रकुंडाला गेलो होतो. पैनगंगा दुथडी भरून वाहत होती आणि धबधब्याचे पाणी चहासारखे गढूळ झाले होते. एका मुलाने विचारले, "फादर, एवढी माती जाते कुठं?" आम्ही सांगितले, समुद्रात. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, "अन् तिथं काय होतं तिचं?" याचे उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. परत आल्यावर पुस्तके काढली आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

वाट आपल्या परिचयाची आहे. पैनगंगा वर्धा नदीला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे इस्लापूरच्या शिवारातला ओहोळ पूर्वेच्या समुद्राचा आहे, मुंबईच्या नव्हे.

आता त्या समुद्राच्या पोटात उतरू या. पाण्याच्या वरच्या थरात, जिथवर ऊन पोहोचते तिथे, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्यांना प्लवक म्हणतात. पिकांप्रमाणेच त्या पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन वाढतात. बारीक जीव त्यांना खातात, त्या जिवांना मासे खातात. मेलेले प्लवक, त्या बारीक जिवांची विष्ठा, चिकट बुळबुळीत स्राव, कवचांचे तुकडे हे सारे एकमेकांना चिकटते आणि त्याचे पांढुरके पुंजके होऊन खाली झरू लागतात. पाणबुडीच्या दिव्यात ते भुरभुरणाऱ्या बर्फासारखे दिसतात, म्हणून १९५० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी त्याला 'सागरी हिम' असे नाव दिले. नाव सुंदर आहे. वस्तू मात्र बरीचशी शेणखताच्या जातीची आहे! एखादा पुंजका तळाला पोहोचायला कित्येक आठवडे लागतात.

बहुतेक पुंजके तळाला पोहोचतच नाहीत. पहिल्या हजार मीटरमध्येच जिवाणू आणि इतर जीव त्यांतला बहुतेक भाग फस्त करतात आणि कार्बन पुन्हा पाण्यात विरघळतो. शंभरातला जेमतेम एखादा भाग तळाच्या गाळात कायमचा पुरला जातो. तरीही हे काम वाया जात नाही. जो कार्बन खोल पाण्यात उतरला, तो वर येऊन हवेला मिळायला शेकडो वर्षे लागतात. ही झिरपण थांबली असती तर हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आजच्यापेक्षा पुष्कळच अधिक असता.

हे मोजले कसे, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला आकडा ऐकला की आधी शंका येते. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिने जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर १९८६ पासून अरबी समुद्रात आणि पुढच्या वर्षापासून बंगालच्या उपसागरातही सापळे सोडले. सापळा म्हणजे मोठे नरसाळे. त्याच्या खाली बाटल्यांचे चक्र असते आणि ठरावीक दिवसांनी नवी बाटली नरसाळ्याखाली येते. वजन बांधून तो खोल पाण्यात टांगून ठेवतात आणि काही महिन्यांनी वर काढतात. म्हणजे तेथील पर्जन्यमापकच म्हणा ना! १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर पाऊसवारा सुरू झाला की खाली हिमवर्षाव वाढतो. मोसमी वारे पाणी ढवळतात, खालची खते वर येतात, प्लवक माजतात. आपली खरिपाची घाई आणि समुद्राची घाई एकाच वेळची आहे.

बंगालच्या उपसागरात आणखी एक गोष्ट दिसली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. नद्यांच्या गोड्या पाण्याबरोबर आलेली बारीक माती त्या पुंजक्यांना चिकटते, त्यांना वजन देते आणि ते लवकर बुडतात. वाटेत खाणाऱ्यांना मग वेळ कमी मिळतो. मुलाच्या प्रश्नाचे हे निम्मे उत्तर झाले.

वर्गात हे सांगितले तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "मग माती वाहून गेलेली बरीच की!" प्रश्न हुशारीचा होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. नदीची बरीचशी माती मुखाजवळच बसते, खोल समुद्रापर्यंत थोडीच जाते. शिवाय रानातल्या मातीत स्वतःचा कार्बन असतो. ती उघडी पडून वाहू लागली की त्यातला काही हवेत जातो. गोदावरीच्या मुखासमोर २००६ साली समुद्रतळातून गाळाचा लांब नळ काढला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे वाचन आहे. गेल्या तीन-चार हजार वर्षांत हवामान कोरडे होत गेले, शेती पसरली, आणि दख्खनच्या काळ्या मातीची धूप फार वाढली. आपल्या पूर्वजांच्या नांगरटीचा हिशेब समुद्राच्या तळाशी असा लिहून ठेवलेला आहे.

दुसरा मोह मोठ्यांचा. समुद्राला खत घालून हिमवर्षाव वाढवावा, म्हणजे हवेतला कार्बन आपोआप बुडेल! गोव्याच्या त्याच संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह २००९ च्या आरंभी दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे क्षार टाकून पाहिले. प्रयोगाचे नाव लोहाफेक्स, म्हणजे नावातही आपला 'लोहा' होता. प्लवक वाढले, पण कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांनी ते खाऊन टाकले. खोल पाण्यात फारच थोडे उतरले. कठीण कवचाचे जे प्लवक भराभर बुडतात, त्यांना लागणारी सिलिका त्या पाण्यात पुरेशी नव्हती. युरियाची पोती वाढवूनही पीक न वाढल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एक गैरसमजही येथेच दूर करू. आपण धुरातून सोडतो त्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र घेतो हे खरे. पण तो मुख्यतः पाण्यात विरघळतो आणि पाणी थोडे आंबट करतो. सागरी हिमाचे काम जुने आहे आणि आपल्या कारखान्यांसाठी त्याने वेग वाढवलेला नाही.

हे सारे ऐकून त्या मुलाने घरी काय सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही. पण या उन्हाळ्यात त्यांच्या उताराच्या रानात आडवा बांध पडलेला आम्ही येता-जाता पाहिला आहे.